उपद्रवी भाडेकरू आणि आजारी भाडेकरू

रात्री दोन वाजता वरच्या मजल्यावर कोणी हातोडा ठोकू लागले, तर खाली झोपलेल्या माणसाच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघेल हे श्रोत्यांना सांगायला नको. दुसऱ्या रात्री तो वर जाऊन दार वाजवील, तिसऱ्या दिवशी घरमालकाकडे तक्रार करील, आणि तीन महिने हाच प्रकार चालला तर ‘ह्याला घरातून बाहेर काढा’ असे म्हणेल. त्यात त्याचे काही चुकले असे म्हणण्याची आमची छाती नाही. सकाळी सातच्या पाळीला ज्याला हजर व्हायचे आहे त्याची झोप ही चैन नसते. उद्याची मजुरी त्या झोपेवर उभी असते. परंतु समजा, वर ठोकणारा माणूस आजारी आहे. आजार मनाचा आहे. भिंतीतून कोणी आपल्याला शिव्या देत आहे असे त्याला खरोखरच ऐकू येते, आणि तो आवाज बंद पाडावा म्हणून तो ठोकतो. मग त्याला बाहेर काढणे हा न्याय झाला, की आजारी पडल्याबद्दल शिक्षा झाली? आणि शिक्षा झाली म्हणावे, तर खालच्या माणसाने झोपावे कुठे?

ह्या पेचाचा विचार आम्ही इंग्लंडच्या कायद्यावरून करणार आहोत. घरच्या चाळी सोडून इतक्या दूर कशाला, असे कोणी विचारील. त्याचे एक कारण असे की, तेथे दुसऱ्या महायुद्धानंतर नगरपालिकांनी, म्हणजे कौन्सिलांनी, लाखो घरे बांधून भाड्याने दिली. त्यामुळे भाडेकरूंचे हे तंटे खाजगी घरमालकाच्या दिवाणखान्यात न मिटता कोर्टात गेले, त्यांचे निकाल छापले गेले आणि आमच्यासारख्या माणसालाही ते शब्दकोश जवळ घेऊन वाचता येतात. दुसरे कारण आमच्याच देशातल्या एका कायद्यात आहे; त्याकडे शेवटी येऊ. कौन्सिलांखेरीज तेथे ‘हाउसिंग असोसिएशन’ नावाच्या संस्था घरे भाड्याने देतात. आपल्या सहकारी सोसायट्यांशी त्यांचा घोटाळा करू नये. तेथे राहणारा सभासद-मालक नसतो, भाडेकरूच असतो.

प्रथम साधा कायदा पाहू. इंग्लंडमधील 1985 च्या गृहनिर्माण कायद्याप्रमाणे कौन्सिलला कायम भाडेकरू काढायचा तर कोर्टाचा हुकूम लागतो, आणि हुकमासाठी ठरलेल्या कारणांपैकी एखादे सिद्ध करावे लागते. त्यांतले एक कारण उपद्रवाचे: भाडेकरूने, त्याच्या घरात राहणाऱ्याने किंवा त्याच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्याने परिसरातल्या लोकांना जाच होईल असे वर्तन केले पाहिजे. म्हणजे पोरांनी दंगा केला तरी आईचे घर जाऊ शकते. मात्र उपद्रव सिद्ध झाला म्हणजे काम संपले असे होत नाही. घर काढून घेणे वाजवी आहे काय, हेही न्यायाधीशाने ठरवायचे असते. आणि वाटल्यास हुकूम देऊन तो अटींवर तहकूब ठेवता येतो. नीट वागलात तर राहा, नाही तर बेलिफ येईल, असा त्याचा अर्थ. 2014 साली ह्याला एक कडक जोड मिळाली: गंभीर गुन्हा शाबीत झाला किंवा कोर्टाचा मनाईहुकूम मोडला, अशा काही प्रसंगी वाजवी-अवाजवीचा विचार करण्याचा न्यायाधीशाचा अधिकारच काढून घेतला गेला. पण ह्या कडक कलमापुढेही एक ढाल शिल्लक राहते, आणि तीच आमच्या विषयाची नायिका आहे.

ती ढाल प्रथम घडली 1995 च्या अपंग-भेदभावविरोधी कायद्यात. आजच्या सरकारी भाषेत दिव्यांग म्हणतात. आम्ही जुन्या सवयीने अपंग हा शब्द वापरतो, त्यात अनादर नाही. अपंगत्वाशी निगडित कारणावरून कोणाला इतरांपेक्षा कमी दर्जाची वागणूक देऊ नये, असा त्या कायद्याचा दंडक होता. आणि घरातून काढणे हीही वागणूकच. घरमालकाला सुटायचे असेल तर त्याने दाखवावे लागे की, कोणाच्या तरी प्रकृतीला किंवा सुरक्षिततेला धोका होऊ नये म्हणून हे करणे भाग होते, असे आपले मत होते आणि ते मत वाजवी होते.

‘इतरांपेक्षा’ हा शब्द ऐकायला निरुपद्रवी आहे. सारे भांडण त्याच शब्दावरून पेटले. इतर म्हणजे कोण? कामगार चळवळीतल्या माणसाला ह्याचे पहिले उत्तर ओळखीचे वाटेल, कारण ते कामावरच्या एका दुखापतीतून आले. एका कामगाराची कामावर पाठ दुखावली, तो दीर्घकाळ गैरहजर राहिला, मालकाने काढून टाकले. मालकाचे म्हणणे: इतके दिवस गैरहजर राहणाऱ्या धडधाकट माणसालाही मी काढलेच असते, मग भेदभाव कुठला? अपील कोर्टाने 1999 मध्ये हे मान्य केले नाही. तुलना करायची ती जो गैरहजर राहिला नाही त्याच्याशी, असे कोर्टाने सांगितले. कारण गैरहजेरी हीच मुळी दुखण्यातून उपजलेली आहे. चार्जशीटांची उत्तरे लिहिण्यात ज्यांचे केस पिकले त्यांना ह्या निकालाची किंमत वेगळी सांगायला नको. खात्यातली चौकशी ‘काय केले’ एवढेच विचारते. ‘कशाने झाले’ हे विचारायला तिला भाग पाडावे लागते.

हाच न्याय घरांना लागला. डेव्हन परगण्यातल्या एका हाउसिंग असोसिएशनच्या भाडेकरू बाईंना तीव्र मानसिक आजार होता. त्यांची आरडाओरड, शिवीगाळ आणि रात्रीची आदळआपट ह्यांनी शेजारी हैराण झाले होते. खालच्या कोर्टाने ताबा देण्याचा हुकूम केला. वरिष्ठ न्यायालयाने 2003 मध्ये तो रद्द केला. शेजाऱ्यांना त्रास होता ह्याबद्दल वाद नव्हता. परंतु त्रास होणे वेगळे आणि प्रकृतीला किंवा सुरक्षिततेला धोका होणे वेगळे, आणि दुसरी गोष्ट पुराव्यात आलेली नव्हती.

पुढच्याच वर्षी, 2004 मध्ये, मँचेस्टर शहर कौन्सिलचे दोन खटले अपील कोर्टापुढे एकत्र आले. दोन्ही भाडेकरू स्त्रिया, दोघींनाही मनाचे आजार, आणि दोघींविरुद्ध शेजाऱ्यांच्या जाचाच्या तक्रारी. एकीच्या घरातून रात्रीबेरात्री ठोकाठोक आणि मोठमोठ्याने संगीत चाले. ह्या वेळी कौन्सिल जिंकले आणि दोन्ही अपिले फेटाळली गेली. शेजाऱ्यांच्या प्रकृतीलाच धोका पोचत होता, हे कोर्टाला पटले. आम्हांला हे दोन निकाल परस्परविरोधी वाटत नाहीत. एकाच तागडीत दोन वेळा निरनिराळे वजन पडले, इतकेच. पण मँचेस्टरच्या निकालात न्यायाधीशांनी एक काळजीही बोलून दाखवली: भाडेकरू आजारी आहे ह्याची ज्याला कल्पनाही नाही असा घरमालकसुद्धा ह्या कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो, तेव्हा पार्लमेंटने इकडे लक्ष द्यावे.

पार्लमेंटच्या आधी हाउस ऑफ लॉर्ड्सने लक्ष दिले. 2009 पर्यंत तेथले सर्वोच्च न्यायालय तेच होते. लंडनमधल्या लुइशॅम बरोच्या एका भाडेकरूला स्किझोफ्रेनिया होता. त्याने घर पोटभाड्याने दिले आणि स्वतः दुसरीकडे राहायला गेला. त्यामुळे कायम भाडेकरूचे संरक्षण गेले आणि कौन्सिलने ताबा मागितला. आजाराच्या भरात आपण असे केले, अशी त्याची कैफियत होती. 2008 च्या निकालात लॉर्ड्सनी तुलनेचा काटाच फिरवला. धडधाकट माणसाने पोटभाडेकरू ठेवला असता तर त्यालाही काढले असते, तेव्हा भेदभाव झाला नाही, असे बहुमताने ठरले. लेडी हेल ह्या न्यायाधीशबाई तुलनेच्या ह्या मुद्द्यावर सहमत झाल्या नाहीत. 1999 चा तो दुखऱ्या पाठीचा न्याय एका फटक्यात रद्दबातल झाला. आता ठोकणाऱ्या आजारी माणसाची तुलना ठोकणाऱ्या निरोगी माणसाशी होणार. दोघांनाही बाहेर काढले म्हणजे समता झाली! लंगड्याला आणि धावपटूला एकाच रेषेवर उभे करून शिट्टी वाजवावी, तसली ही समता.

दोन वर्षांत पार्लमेंटने उत्तर दिले. 2010 च्या समता कायद्याचे पंधरावे कलम हे ते उत्तर. ह्या कलमाने तुलना हा प्रकारच उडवून दिला. आता ‘इतरांपेक्षा कमी’ असे विचारायचे नाही. अपंगत्वातून उद्भवलेल्या एखाद्या गोष्टीमुळे माणसाला प्रतिकूल वागणूक मिळाली काय, एवढे पाहायचे. मिळाली असेल, तर ती वागणूक एखादा न्याय्य हेतू साधण्याचा प्रमाणशीर मार्ग होता हे घरमालकाने दाखवायचे. न दाखवता आले, तर तो भेदभाव. मँचेस्टरच्या न्यायाधीशांनी ज्या अडचणीकडे बोट दाखवले होते तिचीही सोय झाली: घरमालकाला अपंगत्व माहीत नव्हते, आणि माहीत असावे अशी वाजवी अपेक्षाही करता येत नव्हती, असे त्याने सिद्ध केले तर कलम लागू होत नाही. म्हणूनच तेथले जाणते वकील भाडेकरूला सांगतात की, डॉक्टरचा कागद खिशात ठेवू नका, घरमालकाला पोचवा. लाजेने लपवलेला आजार कोर्टात उपयोगी पडत नाही.

अपंगत्व कशाला म्हणावे, ह्याचीही व्याख्या कायद्यात आहे. शरीराचे किंवा मनाचे असे वैगुण्य, की ज्याचा रोजच्या साध्या व्यवहारांवर भरीव आणि दीर्घ परिणाम होतो; दीर्घ म्हणजे बारा महिने टिकलेला किंवा टिकण्याचा संभव असलेला. दारूचे आणि इतर नशेचे व्यसन ह्यात धरले जात नाही. आग लावण्याची, चोरी करण्याची किंवा दुसऱ्याला मारहाण करण्याची प्रवृत्तीही नियमांनी वगळली आहे. इथे खरी गुंतागुंत सुरू होते. मनाचा आजार आणि बाटली ह्यांची गट्टी किती जुनी आहे, हे कामगारवस्तीत हिंडलेल्याला ठाऊक असते. माणूस उदास म्हणून पितो, की पितो म्हणून उदास आहे? तज्ज्ञ डॉक्टराने अहवाल द्यावा आणि न्यायाधीशाने त्यातून धागा शोधावा, असा हा मामला आहे. आजार हेच एकमेव कारण असले पाहिजे असे मात्र कोर्ट म्हणत नाही; क्षुल्लक नव्हे इतपत त्याचा वाटा असला तरी पुरते.

‘प्रमाणशीर मार्ग’ हे ह्या सगळ्याचे मर्म. ह्याचा मोठा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2015 मध्ये एका हाउसिंग असोसिएशनच्या खटल्यात दिला. तो खटला उपद्रवाचा नव्हता. तात्पुरते घर सोडून दुसरीकडे जायला मनाच्या आजारामुळे असमर्थ ठरलेल्या माणसाचा होता. घर आमच्या मालकीचे आहे आणि घरांचे वाटप नीट करणे आमचे कर्तव्य आहे, एवढे म्हटले की घरमालकाची बाजू सिद्ध झाली असे धरून खालच्या कोर्टाने झटपट हुकूम केला होता. ती रीत चुकीची आहे, असे वरच्या न्यायाधीशांनी सांगितले. समता कायद्याने दिलेला हक्क जास्त बळकट आहे. घरमालकाचा हेतू न्याय्य असला तरी त्या हेतूसाठी घरच काढून घेणे जरूर होते काय, कमी जाचक उपाय नव्हता काय, आणि ह्या माणसावर होणारा परिणाम त्या हेतूच्या मानाने फार मोठा नाही ना, हे पुरावा घेऊन तपासले पाहिजे. तत्त्व भाडेकरूच्या बाजूने ठरले, पण घर त्याला मिळाले नाही. तोवर संस्थेलाच ते घर मूळ मालकाला परत करणे भाग झाले होते. तत्त्व जिंकून घर हरण्याचा हा अनुभव चळवळीतल्या लोकांना नवा नाही.

पुढच्या वर्षी बर्मिंगहॅम शहर कौन्सिलच्या खटल्यात हेच तत्त्व आवाजाच्या तक्रारीला लागले. भाडेकरूला स्किझोफ्रेनिया होता आणि भाडेपट्टा अजून उमेदवारीच्या मुदतीतला होता, ज्यात कायम भाडेकरूचे संरक्षण नसते. खालच्या न्यायाधीशाने थोडक्यात उरकून ताबा दिला. अपील कोर्टाने 2016 मध्ये सांगितले की, ह्या बचावात विचार करण्यासारखे काही आहे. तेव्हा त्याची रीतसर सुनावणी झाली पाहिजे.

हे व्यवहारात कसे उतरते? घरमालकाला कोर्टात आपला कागद दाखवावा लागतो. तक्रारींची वही सगळेच ठेवतात. पण वहीच्या दुसऱ्या बाजूला काय लिहिले आहे? मानसोपचार करणाऱ्या पथकाला कळवले काय? सामाजिक सेवेचा माणूस घरी जाऊन आला काय? उघड्या फरशीवर जाड गालिचा घालून आवाज कमी झाला असता, तो घातला काय? तळमजल्यावर किंवा कोपऱ्यावरच्या घरात हलवण्याचा विचार झाला काय? अटींवर तहकूब हुकूम पुरला असता काय? औषध बदलल्यावर तक्रारी थांबल्या असतील, तर आता हुकूम मागता कशाला? ह्यांतले काहीच न करता थेट नोटीस बजावली असेल, तर ‘आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी’ असा प्रकार झाला. बाहेर काढलेला आजारी माणूस बरा होत नाही. तो दुसऱ्या वस्तीत, दुसऱ्या भिंतीवर ठोकू लागतो किंवा फुटपाथवर येतो. भाडेकरूला खटला समजण्याइतकी मनाची शक्तीच नसेल, तर त्याच्या वतीने खटला चालवणारा माणूस नेमल्यावाचून कोर्टाला पुढे जाता येत नाही. ही सोय आम्हांला फार मोलाची वाटते, कारण ह्या लोकांचे कित्येक खटले गैरहजेरीतच हरले जातात. पाकीट फोडलेच जात नाही.

कौन्सिलांवर आणि तत्सम संस्थांवर आणखी एक कर्तव्य आहे. निर्णय घेतानाच अपंगांच्या अडचणींचा विचार केला पाहिजे, असे 149 वे कलम म्हणते. परंतु ह्याचे अवडंबर माजवू नये. 2019 मध्ये अपील कोर्टापुढे असा खटला आला की, घर देणाऱ्या संस्थेने हे कर्तव्य नीट पाळले नव्हते, तरीही ताब्याचा हुकूम कायम राहिला. कारण कर्तव्य पाळले असते तरी निकाल तोच झाला असता, असे कोर्टाला दिसले.

म्हणजे आजारी भाडेकरूला काढताच येत नाही, असा ह्या कायद्याचा अर्थ कोणी करू नये. शेजाऱ्याची झोप, त्याच्या लेकरांची भीती, त्याची स्वतःची प्रकृती हे सगळे न्याय्य हेतूच्या पारड्यात पडते, आणि कित्येकदा ते पारडे खाली जाते. शेजारीही अपंग असू शकतो. दमेकरी म्हातारा वरच्या आदळआपटीने रात्रभर बसून काढत असेल तर त्याची कैफियत कोणी मांडायची? कायद्याने एवढेच केले की, बाहेर काढणे ही पहिली पायरी होती ती शेवटची केली, आणि मधल्या पायऱ्या चढलात हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्याकडे किल्ली आहे त्याच्यावर टाकला. हा भार जड आहे खरा. पण त्या मधल्या पायऱ्या सरकारने बांधलेल्या असाव्या लागतात. घरी येणारी परिचारिका नाही, मनोरुग्णांसाठी जागा नाही, आणि घरमालकाने मात्र सगळे उपाय करून पाहावेत, हे म्हणजे विहीर न खणता पोहरा आणायला सांगण्यासारखे आहे.

आता वर म्हटलेले दुसरे कारण. भारताने 2007 साली अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला, आणि त्याला अनुसरून 2016 चा दिव्यांग हक्क कायदा झाला. त्याच्या तिसऱ्या कलमातले तिसरे पोटकलम काढून वाचावे. दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करू नये. अपवाद एवढाच की, केलेली गोष्ट न्याय्य हेतू साधण्याचा प्रमाणशीर मार्ग होती असे दाखवता आले पाहिजे. तीच तागडी, तेच शब्द. वाजवी सोय नाकारणे हाही ह्या कायद्याप्रमाणे भेदभावच आहे, आणि मानसिक आजार त्याच्या यादीत आहे.

दुसरीकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 ह्याच्या सोळाव्या कलमात शेजाऱ्यांना उपद्रव होईल असे वर्तन हे ताबा मागण्याचे कारण आहे; 1947 च्या जुन्या मुंबई भाडे कायद्यापासून ते चालत आले आहे. सहकारी सोसायटीत राहणाऱ्यांनीही आपण ह्यातून सुटलो असे समजू नये. सोसायटीच्या हिताला बाधक वर्तन करणाऱ्या सभासदाला खास सभेत तीन-चतुर्थांश बहुमताने काढता येते, मात्र त्याला बाजू मांडण्याची संधी आणि निबंधकाची मंजुरी लागते. त्या सभेत हात वर करण्यापूर्वी डॉक्टरचा कागद कोणी मागितला काय, हा प्रश्न सभेतल्या एखाद्याने तरी उठून विचारायला हवा.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हा विचार नोकरीच्या बाबतीत केलेला आहे, आणि आम्ही तो निकाल जपून ठेवला आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्यावर गैरवर्तनाबद्दल खात्याची चौकशी लागली होती. त्याला मानसिक आजार होता. डिसेंबर 2021 च्या निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड ह्यांनी लिहिले की, मानसिक अपंगत्व असलेल्या माणसावर अशी शिस्तभंगाची कारवाई करणे हा अप्रत्यक्ष भेदभावाचाच एक प्रकार आहे, आणि अपंगत्व हे कारणांपैकी एक कारण असले तरी कायद्याचे संरक्षण मिळते. पहिली चौकशी रद्द झाली. त्याच निकालात, त्या अधिकाऱ्याला ज्यात शस्त्र हाताळावे लागणार नाही असे काम देण्याची मोकळीक दलाला ठेवलेली आहे.